लवंगेचा सुळा

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या बायकोचा बसला नाही, आणि ती त्या वेळी माझ्या शेजारी उभी होती. तेव्हा ज्यांना घाई असेल त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसावं. ते तसंही वीस मिनिटं मागे आहे. डॉक्टर आत आहेत आणि माझी कवळी त्यांच्याबरोबर आत आहे. हिरडीला टोचते म्हणून घासायला दिली आहे. म्हणजे सध्या मी बिनदातांचा बोलतोय. एखादा शब्द घरंगळला तर उचलून घ्या.

ती खिडकीशी मासिक वाचत बसली आहे ना, ती माझी पुतणी. दादाची मुलगी. घरात तिला सगळे लवंग म्हणतात. बारीक, ताठ, आणि चुकून दाताखाली आली की डोक्यापर्यंत झिणझिण्या. ती ऐकत नाहीये. तिनं हे पुष्कळदा ऐकलं आहे, आणि घडलं तेही तिच्याच तोंडात. तेहतीस वर्षं झाली, पण गोष्ट निघाली की अजून माझ्या कानशिलाची शीर उडायला लागते. ही बघा, आत्ताच उडायला लागली.

मी दातांच्या एका मोठ्या इस्पितळात बत्तीस वर्षं काढली. प्लास्टरच्या खोलीत. पेशंटच्या तोंडाचा साचा यायचा, त्यात मी प्लास्टर ओतायचो, आणि तासाभरात त्या माणसाचा पांढरा जबडा माझ्या हातात. फळ्यांवर असे तीन हजार जबडे मांडलेले असत. मी शिंकलो की तीन हजार जबडे एकदम कडकड वाजत आणि बाहेरचे पेशंट उठून घरी जात. हसू नका, त्यातले दोघं अजून परत आलेले नाहीत.

तर लवंग. माणसाचे वरचे सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. तिचा उजवा वेळेवर आला. डावा काही येईना. तिथे दुधाचा चिमुकला सुळा ठाण मांडून बसलेला, भाडेकरू खोली सोडत नाही तसा. वहिनी म्हणायची, "येईल हो, आमच्याकडे सगळ्यांचं उशिराच येतं." असं येईल, येईल करत पोरगी पंधराची झाली. शेवटी मीच तिला इस्पितळात नेली, तारवाल्या बाईंकडे. वाकडे दात तारा लावून सरळ करणाऱ्या डॉक्टर त्या. सगळं इस्पितळ त्यांना मागून तारवाल्या बाई म्हणायचं आणि त्यांना ते ठाऊक होतं.

बाईंनी मोठा फोटो काढायला लावला, काचेवर धरला आणि दादाला दाखवला. "हा बघा सुळा. आहे, पण हाडात आडवा झोपलाय. आणि याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळाला लागलंय. असाच राहिला तर ते मूळ खाईल."

"म्हणजे काढून टाकायचा?" दादानं विचारलं.

"काढायचा कशाला? चांगला आहे की. आधी तारा लावून त्याच्यासाठी जागा करू. मग हिरडी उघडायची, त्याच्यावर एक बारीक बटण चिकटवायचं, बटणाला साखळी, आणि महिन्याला एक-एक कडी आखडत त्याला खाली आणायचं. त्याला ओढायचं नाही, बोलवायचं."

दादाला ते बोलावणं पटलं. आठ महिने तारांनी जागा केली. लवंगेनं ते आठ महिने हूं की चूं न करता काढले. तारा आवळल्या की दोन दिवस नुसतं पातळ पिऊन राहायची, पण रडायची नाही. मला म्हणायची, "काका, मोठा सुळा आला ना, की पहिला तुम्हालाच चावणार आहे." अशी पोर. आणि अशा पोरीच्या तोंडात या लोकांनी काय केलं ते आता ऐका.

आधी जरा बोटं वर करा. हो, तुम्हीसुद्धा बाई, गाल सुजला म्हणून बोट सुजत नाही. एक बोट नाकासमोर जवळ धरा. दुसऱ्या हाताचं त्याच्या मागे, हातभर लांब. एक डोळा मिटा. आता डोकं उजवीकडे न्या. काय झालं?

"लांबचं बोट उजवीकडे सरकलं," गाल सुजलेल्या बाई म्हणाल्या.

म्हणजे तुमच्याबरोबर आलं. आणि जवळचं?

"ते डावीकडे गेलं."

झालं, तुम्ही अर्ध्या डॉक्टर झालात. एक्स-रेची नळी म्हणजे तुमचा डोळा. लपलेला सुळा टाळूच्या बाजूला आहे की ओठाच्या, हे एका फोटोत कळत नाही. म्हणून दोन काढायचे. पहिला समोरून, दुसरा नळी जरा गालाकडे सरकवून. सुळा नळीबरोबर सरकलेला दिसला तर तो मागे, टाळूत. उलटा सरकला तर पुढे, ओठाखाली. इतकं साधं. पण हे सगळं कशावर टांगलेलं? पहिला फोटो कुठला आणि दुसरा कुठला, यावर. त्यांची अदलाबदल केली की टाळूतला दात ओठाखाली जाऊन बसतो. फोटोत हो. तोंडात तो जिथल्या तिथे.

"फोटोवर नंबर नसतो का?" जबड्याला रुमाल बांधून बसलेल्या गृहस्थांनी विचारलं.

नंबर कुठला आलाय. त्या काळी बोटाच्या पेराएवढी फिल्म असायची. काळ्या खोलीत धुवायची, चिमट्यात अडकवून तारेवर सुकत घालायची, आणि सुकली की पुठ्ठ्याच्या चौकटीत पहिली डावीकडे, दुसरी उजवीकडे बसवायची. एवढंच काम. पगार घेऊन करायचं एवढं एकच काम. खिडकीत बसणाऱ्या कावळ्याला महिनाभर शिकवलं असतं तर त्यानं बिनचूक केलं असतं.

"तुम्ही तर प्लास्टरवाले," रुमालवाले म्हणाले. "एक्स-रेचं एवढं बारीक तुम्हाला कसं ठाऊक?"

शेजारी राहिलं की शेजाऱ्याच्या घरची भांडणं पाठ होतात, साहेब. तुम्ही जबडा हलवू नका, ऐका.

आमचा एक्स-रेवाला तळघरात बसायचा. आम्ही त्याला घुबड म्हणायचो. दिवसभर लाल दिव्याखाली बसून बसून त्याला सूर्य सोसत नसे; जेवायला वर आला की डोळे मिचकावत भिंत चाचपडत चालायचा. एक नंबरचा ऐदी. ढेरी इतकी, की फिल्म धुवायच्या ट्रेमध्ये आधी ढेरी पडायची आणि मग हात. लवंगेच्या ओल्या फिल्म या महाशयांनी तारेवरून काढल्या आणि लावल्या उलट्या. पहिलीच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी पहिली. चौकट वर गेली.

आता वरचे काय आंधळे होते? कापणारे डॉक्टर म्हणून होते एक, हिरड्या उघडणारे. त्यांनी चौकट उजेडाला धरली, बघितली, म्हणाले ओठाखाली आहे. अहो, टाळूवरून नुसतं बोट फिरवायचं होतं. मसुराच्या डाळीएवढा उंचवटा होता तिथे. मी बनवलेल्या तिच्या जबड्यावरसुद्धा होता. पण बोटावर कोण विश्वास ठेवतो? यांचा विश्वास चौकटीवर. चौकटीत लिहून आलं असतं की पोरीचा सुळा गुडघ्यात आहे, तर यांनी तिचा पायजमा वर केला असता.

खुर्चीत घेतली. तोंडावर हिरवं कापड, मधे भोक. सुया टोचल्या. ओठ वर ओढून हिरडी कापली, उलटी केली, आणि हाड खरवडायला लागले. दात नाही. अजून वर खरवडलं. नाही. बाजूला खरवडलं. नाही. चाळीस मिनिटं. मी दाराच्या काचेतून बघत होतो. शेवटी तर मला वाटलं, आता खालून तिचा डोळा दिसणार आणि तो माझ्याकडे बघून मिचकावणार. ती पोरगी जागी होती हो सगळा वेळ. दुखत नव्हतं, पण ऐकू येतं ना. आपल्याच हाडावर छिन्नी चालते त्याचा आवाज बाहेरून येत नाही, डोक्याच्या आतून येतो. चाळीस मिनिटांनी टाके घातले, कापड काढलं आणि हातात कागद दिला. कागदावर काय? "अपेक्षित जागी दात आढळून आला नाही."

आढळून आला नाही. म्हणजे दाताची चूक. यांनी वेळ दिली होती, जागा दिली होती, आणि दातच मेला गावाला निघून गेला होता.

तिचा ओठ सुजून नाकाला टेकला. आठ दिवस ती आरशासमोर गेली नाही. नवव्या दिवशी तारवाल्या बाईंनी पुन्हा फोटो काढायला लावले, स्वतः टाळूवर बोट फिरवलं. मग दादाला म्हणाल्या, "सुळा टाळूत आहे. आधीपासून टाळूतच होता. आणि शेजारच्या दाताचं मूळ खायला सुरुवात झालीय. दोन महिन्यांच्या आत तो बाजूला हलवायला लागलो नाही, तर दोन्ही दात काढावे लागतील."

समोरचे दोन दात. पंधराव्या वर्षी. आणि लवंग म्हणाली, "नाही."

दादानं समजावलं, वहिनी रडली. ती तोंडावर हात धरून बसलेली. हाताआडून बोलायची.

"चूक कुणाची होती ते सांगा."

"अगं, झाली चूक," दादा म्हणाला.

"आपोआप नाही होत. कुणीतरी केली. ज्यानं केली त्यानं माझ्यासमोर येऊन सांगावं. मग बसते खुर्चीत."

"आणि नाही कुणी आलं तर?"

"तर जाऊ देत दोन दात. हे लोक माझ्या तोंडात हात घालणार आणि सांगणार पण नाहीत?"

मला सांगा, काय चूक होतं पोरीचं? काय मागत होती ती? एक माणूस, त्यानं समोर उभं राहायचं, एक वाक्य बोलायचं. पण मोठ्या इमारतीत हे वाक्य मिळत नाही. दादा कापणाऱ्या डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, मी चौकटीवर गेलो. मोठ्या साहेबांकडे गेला. ते म्हणाले, समिती नेमतो. पाच जणांची समिती. तिनं चार बैठका घेतल्या, आठ किटल्या चहा संपवला आणि एक ओळ लिहिली: "फिल्मची अदलाबदल झाली." झाली म्हणे. संध्याकाळ होते तशी झाली. कुणाचे हात नाहीत, कुणाचं तोंड नाही. त्यात पाच आठवडे गेले, आणि तिकडे सुळा रोज थोडं थोडं मूळ खातोय.

तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. मी फळीवरून लवंगेचा प्लास्टरचा जबडा उचलला आणि मोठ्या साहेबांच्या दारावर लाथ मारली. दार बिजागरीसकट आत. जबडा त्यांच्या टेबलावर असा आपटला की टेबलाला इकडून तिकडे चीर गेली, जबडा मात्र शाबूत. माझं प्लास्टर होतं ते. साहेब खुर्चीसकट दोन हात मागे सरकले.

"तुम्ही प्लास्टरवाले," ते म्हणाले. "तुम्ही यात पडू नका."

मी म्हटलं, "मी तिचा काका आहे. बोट लावा या टाळूला. हं, इथे. काय लागतंय?"

साहेबांनी बोट लावलं आणि त्यांचा चेहरा माझ्या जबड्यापेक्षा पांढरा पडला.

तिथून मी तळघरात गेलो. लाल दिव्याखाली घुबड बसलेलं, पाय स्टुलावर, डोळे मिटलेले. मी त्याचा कान धरला. बावन्न पायऱ्या आहेत तळघरापासून वरपर्यंत. बावन्न पायऱ्या त्याला कानाला धरून वर आणला. वर पोचेपर्यंत कान वीतभर लांब झाला होता. पुढे त्याला टोपी बसेना. व्हरांड्यातले पेशंट आपापल्या दुखऱ्या दाढा विसरून उभे राहिले. तारवाल्या बाईंच्या खोलीत लवंग बसली होती, तोंडावर हात. मी त्याला तिच्यासमोर उभा केला आणि म्हटलं, बोल.

तो गुडघ्यांवर बसला. रडला. काय रडला म्हणता, दोन बादल्या भरल्या, फरशी पुसायला बाई बोलवावी लागली. म्हणाला, "पोरी, मला डुलकी लागली होती. मीच लावल्या फिल्म उलट्या." त्याच्यामागे मोठे साहेब, त्यांच्यामागे कापणारे डॉक्टर, त्यांच्यामागे समितीचे पाच जण, सगळे माना खाली घालून रांगेत. लवंगेनं त्याच्याकडे बघितलं. मग तोंडावरचा हात काढला आणि बाईंना विचारलं, "कधी येऊ?"

"दोन महिन्यांच्या आत झालं का मग?" गाल सुजलेल्या बाईंनी विचारलं. त्यांची दोन्ही बोटं अजून वरच होती.

सहा दिवस राखून. या वेळी टाळू उघडला आणि अकरा मिनिटांत सुळा समोर, ओल्या शेंगदाण्यासारखा. बटण चिकटवायचं तर दात कोरडा हवा, रक्ताचा थेंब चालत नाही. सिस्टर नळीनं रक्त ओढत होती आणि तारवाल्या बाई श्वास रोखून उभ्या. साखळी सोन्याची, पण इतकी बारीक की मुंगीच्या गळ्यात घातली असती तर तिलाही सैल झाली नसती. ती चिमट्यातून निसटली. सगळं इस्पितळ गुडघ्यांवर. तीन तास शोधली, शेवटी शिपायाच्या मिशीत सापडली.

"तीन तास टाळू उघडा ठेवून?" रुमालवाले म्हणाले.

दुसरी साखळी होती हो कपाटात, ती लावली. मिशीतली नंतर सापडली. मधे मधे बोलू नका, टाके निसटतील तुमचे.

तर महिन्याला एक कडी. तारवाल्या बाई साखळी आखडायच्या, आरशानं बघायच्या, वहीत टिपून ठेवायच्या. पहिले चार महिने काही दिसलं नाही. दादा म्हणायला लागला, हाडाला चिकटला असेल. पाचव्या महिन्यात टाळूवर एक पांढरा ठिपका आला. लवंग तो दिवसातून वीसदा जिभेनं चाचपून बघायची, आणि चेहरा असा करायची की जगातला पहिला दात तिलाच येतोय. सतरा महिन्यांनी सुळा आपल्या जागेवर आला. उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा जरा ओशाळलेला, पण नीट बसला. शेजारचा दातही वाचला. मूळ थोडं आखूड आहे, पण भक्कम. लवंगे, हस बघू जरा, दाखव यांना.

"काका, मी वाचतेय," लवंग म्हणाली.

असू दे. नंतर हसेल. हसते तेव्हा दिसतो.

"आणि त्या घुबडाचं काय झालं?" रुमालवाल्यांनी विचारलं.

काय व्हायचं? काढून टाकला. मी स्वतः अर्ज लिहिला, साडेचार पानी. त्यात लिहिलं, ज्या माणसाला दोन फिल्म सरळ लावता येत नाहीत त्याला पोराबाळांच्या तोंडाच्या आसपास फिरकू देऊ नये. साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. घुबड आपली डबा-पिशवी घेऊन बाहेर पडला, भर उन्हात डोळे मिचकावत, आणि त्यानंतर त्याला कुणी पाहिलेला नाही. बरं झालं. अशा माणसाला मी तर दारातसुद्धा उभा केला नसता. त्याचं नाव घेतलं तरी माझ्या तोंडाची चव जाते. अरे, पोरीनं हाडावरची छिन्नी ऐकली चाळीस मिनिटं, आणि तू खाली बसून...

लवंगेनं मासिक मिटलं.

"काका, पुरे झालं आता," ती म्हणाली. "घुबड वगैरे कुणी नव्हतं. एक्स-रेच्या खोलीत तुम्ही होतात. आणि काढलं नाही कुणी, त्यानंतर अजून एकोणीस वर्षं तिथेच होतात."

रुमालवाले माझ्याकडे बघायला लागले. बाईंनी बोटं खाली घेतली.

"कान कुणी धरला नव्हता," लवंग म्हणाली. "साहेब नव्हते, समिती नव्हती. तुम्ही रडलाही नव्हतात. तुम्ही आपले आपण वर आलात, दाराशी उभे राहिलात आणि म्हणालात, लवंगे, फिल्म लावताना मी गप्पा मारत होतो. म्हणून तर मी तोंड उघडलं."